रोग्याचे पुढे काय झाले?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड, बेळगाव, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून तोडून म्हैसुरास जोडण्यात आले आणि लगोलग १९५७ साली हुबळीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या जोडणीशी आमचे भांडण आजही मिटलेले नाही. पण हल्याळ-खानापूरकडचा मराठी माणूस दुखण्याने हैराण झाला की हुबळी-धारवाडच्या रुग्णालयांची पायरी चढतो. तेव्हा तेथील तज्ज्ञ डॉक्टर कसा घडतो, हे विचारण्याचा अधिकार आमचा आहे.

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा आपल्या देशात मोजतात कसा? खाटा किती, प्राध्यापक किती, यंत्रे किती! या मोजणीचीही लाज २०२५ साली चव्हाट्यावर आली. महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल केंद्रीय अन्वेषण विभागाला गुन्हा नोंदवावा लागला. त्याआधी २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी प्रवेशपरीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर उतरविली गेली. शून्यावर! संताप यावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु संतापाचे खरे स्थान निराळे आहे.

२००९ साली अमेरिकेत अ‍ॅश व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॉरिडा आणि न्यूयॉर्क येथील सुमारे ४९ लाख बाळंतपणांचा हिशेब मांडला. बाळंतपण करणारा तज्ज्ञ कोणत्या संस्थेत शिकला, एवढेच त्यांनी ताडून पाहिले. सर्वांत वरच्या गटातील संस्थांत शिकलेल्यांच्या हातून शेकडा १०.३ मातांना गंभीर उपद्रव झाला, तळच्या गटातील संस्थांत शिकलेल्यांच्या हातून शेकडा १३.६ मातांना. परवाना-परीक्षेतील गुण हिशेबात धरले तरी हा क्रम फारसा हलला नाही! म्हणजे डॉक्टर घडतो किंवा बिघडतो तो शिक्षणाच्या वर्षांत, वडीलधाऱ्या सर्जनच्या देखरेखीखाली, रात्रपाळीच्या वॉर्डात. आणि तेथील खोड त्याच्या हाताला पुढे चिकटून राहते.

आता सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. दूर प्रांतातून येणाऱ्या त्या तरुणांचे स्वागतच आहे. पण कळ, चमक, ठणका आणि जळजळ यांतला भेद ज्याला उमगत नाही, त्याच्या केसपेपरवर सारे 'दुखणे' एकच होते. कानडी रोग्याचीही दैना हीच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हुबळी, धारवाड, बेळगाव येथील प्रत्येक महाविद्यालयाने आपल्याकडे शिकून गेलेल्या तज्ज्ञांच्या रोग्यांचे पुढे काय झाले याचा हिशेब ठेवावा, शिकाऊ डॉक्टरांना रोग्याची भाषा शिकवावी आणि ते आकडे दरवर्षी रुग्णालयाच्या दारावर मराठीत व कानडीत लावावेत.