मान किटलीची, काम कागदाचे

एका किटलीसाठी आठ-दहा हजार रुपये मोजणारी माणसे पुण्या-मुंबईत आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. ती पाणी तापवते आणि ओतते, याहून जास्त काही करत नाही, हे कळल्यावर घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. किटलीचे सारे वैशिष्ट्य तिच्या तोटीत आहे. बुडाजवळून निघणारी, हंसाच्या मानेसारखी वळण घेत वर जाणारी आणि टोकाशी खाली झुकणारी बारीक, लांब तोटी. म्हणून तिचे नाव ‘गूजनेक’. शंकूच्या आकाराच्या गाळण्यात कागद, कागदात कॉफीची भरड पूड आणि पुडीवर या किटलीतून हळूहळू सोडलेली गरम पाण्याची धार, अशी ही ‘पोअर ओव्हर’ कॉफी. ती चवीला चांगली म्हणून विकली जाते आणि अलीकडे ‘हृदयाला चांगली’ म्हणूनही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण चवीत किटलीचा वाटा मोठा असला, तरी हृदयाच्या बाबतीत तिचा काहीही संबंध नाही. तिथले काम दोन-चार रुपयांचा कागद करतो. हा फरक न कळल्यामुळे लोक किटली आणतात आणि कागदाऐवजी ‘पुन्हा पुन्हा वापरता येणारी’ स्टीलची जाळी बसवतात. माझा आक्षेप आहे तो तिथे.

आधी किटलीला तिचे श्रेय देऊ. कॉफीच्या पुडीतला वजनाने सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा कपात उतरावा अशी कोणाचीच इच्छा नसते. १८ ते २२ टक्के उतरला की चव जमते, असे सर्वसाधारण गणित आहे. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते. जास्त उतरला तर कडवट आणि तुरट. अडचण अशी, की पातेल्यातून भसकन पाणी ओतले तर पुडीत एका जागी खळगा पडतो आणि पाणी त्याच सोप्या वाटेने खाली पळते. त्या वाटेवरची पूड गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि कडेची जवळपास कोरी राहते. मग एकाच कपात आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही येतात. ‘ही महागाची कॉफी मला काही आवडली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी प्रत्यक्षात हीच कॉफी प्यायलेली असते.

साध्या किटलीची तोटी आखूड आणि रुंद असते. हात जरा जास्त कलला की धार एकदम दुप्पट होते. गूजनेकची तोटी अरुंद आणि लांब असल्यामुळे हात थोडा हलला तरी धार फारशी बदलत नाही, आणि टोक झुकलेले असल्याने पाणी हव्या त्या जागी सरळ खाली पडते. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड वायू अडकलेला असतो. म्हणून पहिल्यांदा पुडीच्या वजनाच्या दुप्पट पाणी टाकून अर्धा-पाऊण मिनीट थांबायचे असते. पूड फुगते, बुडबुडे येतात, वायू निघून जातो आणि पुढचे पाणी पुडीत नीट शिरते. पंधरा ग्रॅम पुडीवर तीस ग्रॅम पाणी सगळीकडे सारखे टाकणे पातेल्याने जवळजवळ अशक्य आहे. झारीने जमेल.

धार किती उंचीवरून सोडावी, यावरही विज्ञान आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात यावर निबंध प्रसिद्ध केला. कॉफीची पूड अपारदर्शक असल्याने आत काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून त्यांनी काचेच्या शंकूत सिलिका जेलचे पारदर्शक कण भरले, लेसरचा प्रकाश टाकला आणि वेगवान कॅमेऱ्याने टिपले. वरून पडणारी धार कणांच्या थरात खड्डा खणते आणि घाटात दरड कोसळावी तसे कडेचे कण त्यात कोसळतात. पुन्हा खड्डा, पुन्हा दरड. अशा रीतीने सगळी पूड पाण्यात घुसळली जाते. धार जितकी उंचावरून, तितकी घुसळण जास्त. पण एका मर्यादेपर्यंतच. नळाची बारीक धार खाली येता येता थेंबांत तुटते, हे आपण रोज पाहतो. एकोणिसाव्या शतकात प्लॅटो या बेल्जियन आणि रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्यामागचे कारण सांगितले होते. तुटलेली धार खोल खणत नाही. म्हणून धार अखंड राहील एवढ्याच उंचीवरून ओतावे. तसे केले तर तेवढाच अर्क मिळवायला पूड दहा टक्क्यांपर्यंत कमी लागते, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. कॉफीचे सध्याचे भाव पाहता हे काही वाईट नाही.

तापमान दाखवणाऱ्या विजेच्या किटलीचे कौतुक मात्र मला जरा अतीच वाटते. ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी या कॉफीला मानवते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते; महाबळेश्वरला तर ९५-९६ अंशांना. गॅस बंद करून अर्धा-एक मिनीट थांबले की काम झाले. गॅसवर ठेवायची साधी गूजनेक दीड-दोन हजारांत मिळते, तेवढी पुरे. ती गळ्यापर्यंत भरू नये एवढे पाहावे. तोटी बुडाला जोडलेली असल्याने पाणी उकळायला लागले की ते तोटीतूनच उसळून बाहेर येते, आणि हे पाणी हातावर पडले तर भाजल्याशिवाय राहत नाही. लहान मुले असलेल्या घरात तोटीचे टोक ओट्याच्या बाहेर येऊ देऊ नये.

आता हृदयाकडे. नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरातल्या पाहणीचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त, असे त्यात दिसले आणि एकच गदारोळ उडाला. पण इतर देशांत असा संबंध ठळक दिसेना. गोम कॉफी करण्याच्या पद्धतीत निघाली. उत्तर युरोपात तेव्हा पूड पाण्यात उकळून, खाली बसू देऊन, वरची कॉफी ओतून घेण्याची चाल होती. पुढे डच संशोधकांनी यातला गुन्हेगार पकडला. कॉफीच्या बियांतल्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे दोन पदार्थ असतात. त्यातला कॅफेस्टॉल रक्तातले ‘एलडीएल’, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. रोज १० मिलिग्रॅम कॅफेस्टॉल पोटात गेला तर एकूण कोलेस्टेरॉल साधारण ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढते, असा त्यांचा हिशेब आहे. फ्रेंच प्रेसच्या किंवा उकळलेल्या कॉफीच्या दोन-तीन मोठ्या कपांत एवढा कॅफेस्टॉल सहज असतो.

आणि तो कागदातून खाली येत नाही, म्हणजे अगदी नगण्य येतो. तेलाचे सूक्ष्म थेंब आणि त्यांना चिकटलेली बारीक पूड कागदाच्या तंतूंत आणि वरच्या चोथ्यात अडकून बसते. बळीराजाच्या गोष्टीत शुक्राचार्य झारीच्या तोंडाशी बसले म्हणून दानाचे पाणी अडले; इथे कागद तसाच बसतो, फक्त त्याने अडवलेले आपल्या पथ्यावर पडते. हा कागद शोधणाऱ्या मेलिटा बेंट्झ या जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गृहिणी. कपात येणारा चोथा आणि कडवटपणा यांना कंटाळून त्यांनी पितळी भांड्याला भोके पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला आणि १९०८ मध्ये त्याची नोंदणी करून घेतली. कोलेस्टेरॉलचा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. फिनलंडमध्ये लोक उकळलेल्या कॉफीकडून गाळलेल्या कॉफीकडे वळले, तेव्हा तिथले सरासरी कोलेस्टेरॉल उतरण्यात या बदलाचाही काही वाटा होता, असे तिथले अभ्यासक मानतात. नॉर्वेतील सुमारे पाच लाख लोकांचा सरासरी २० वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षाही सुमारे १५ टक्के कमी आढळले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे; कॉफी औषध आहे असा त्याचा अर्थ काढू नये. पण गाळणे महत्त्वाचे, ही दिशा स्पष्ट आहे.

धातूची जाळी हे काम करत नाही. तिची भोके तेलाच्या थेंबांना मोकळे रानच. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कार्यालयांतल्या कॉफीयंत्रांचे नमुने तपासले आणि २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. पुडीपासून कॉफी बनवणाऱ्या, धातूची गाळणी असलेल्या यंत्रांच्या कॉफीत कॅफेस्टॉल कागदी गाळणीच्या तुलनेत दहापटीहून अधिक निघाला. याच पाहणीत एक गोष्ट आपल्या कामाची आहे: उकळलेली कॉफी कापडातून गाळली, तर कॅफेस्टॉल झपाट्याने उतरतो. जुन्या घरांत कॉफीसाठी वेगळा पंचा किंवा फडके ठेवत, ते अगदीच वेडेपणाचे नव्हते. फडके मात्र रोज उकळत्या पाण्यात धुवायला हवे. मुरलेले तेल खवट होते.

मराठी घरांत जायफळ घालून दुधात उकळलेली कॉफी उपासाला, पाहुण्याला किंवा रात्रीच्या जागरणाला होते. अर्धा-एक चमचा पूड, तीही आठवड्यातून दोनदा. तिच्यासाठी कागद आणायची गरज नाही. त्या कपात कॅफेस्टॉलपेक्षा साखरेची काळजी करावी. झटपट विरघळणाऱ्या कॉफीतही कॅफेस्टॉल नगण्यच असतो. प्रश्न आहे तो रोज तीन-चार कप पिणाऱ्यांचा. स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमधली डिकॉक्शनची कॉफी मलाही प्रिय आहे आणि माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत जाऊन ती सोडा असे मी कोणाला सांगणार नाही. पण ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे, ज्यांना स्टेंट बसलेला आहे किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास आहे, त्यांनी रोजच्या फिल्टरच्या तळाशी कापून बसवलेला कागदाचा गोल ठेवून पाहावा. डिकॉक्शन उतरायला वेळ लागतो, चव थोडी हलकी होते. फ्रेंच प्रेसची सवय लागलेल्या तरुण मंडळींनी तर हे आधी करावे. प्रेसमधली कॉफी कपात ओतण्यापूर्वी कागदातून गाळली तरी चालते. त्यासाठी हंसाच्या मानेची काही गरज नाही.

कागद काय अडवत नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅफिन पाण्यात विरघळते आणि सरळ कपात जाते. पंधरा ग्रॅम अरेबिका पुडीच्या एका मगात ते दीडशे मिलिग्रॅमच्या घरात असते. घरच्या अर्ध्या कपाच्या हिशेबाने ‘दोनच तर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांना २०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, अशी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा आहे. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असते. कॉफीतली पॉलिफेनॉल द्रव्येही कागदातून पार होतात आणि जेवणातल्या, विशेषतः डाळी-पालेभाज्यांतल्या लोहाचे शोषण कमी करतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्या देशात जेवणाबरोबर कॉफी, मग ती कितीही निगुतीने गाळलेली असो, घेऊ नये. मध्ये तास-दीड तास जाऊ द्यावा. कप हातात आल्यावरही लगेच तोंडाला लावू नये. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे. कॉफीला तिने तो ठपका ठेवलेला नाही, तो उष्णतेला आहे.

कागद बदलून पाहायचा असेल तर एक सोपी परीक्षा घरच्या घरी होते. कॅफेस्टॉलचा परिणाम काही आठवड्यांत चढतो आणि तो बंद केला की तसाच उतरतो. लिपिड प्रोफाइल करून घ्या, सहा-आठ आठवडे कागदातून गाळलेलीच कॉफी प्या, बाकी आहार आणि चालू औषधे तशीच ठेवा, आणि पुन्हा तपासा. स्टॅटिनच्या गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘दिवसाला किती कप’ याबरोबर ‘कशातून गाळून’ हेही आपणहून सांगा, कारण दुसरा प्रश्न बहुतेक दवाखान्यांत विचारलाच जात नाही.