प्रोटॉनच्या स्पिनचा हिशेब

राष्ट्रीय क्वांटम अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि त्यासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हापासून पुंजयामिकीविषयी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्सविषयी, जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतांशी क्वांटम संगणकाभोवतीच घुटमळते. हा संगणक कधी तयार होणार, बँकांच्या व्यवहारांची गुपिते तो कशी फोडणार आणि या शर्यतीत भारत कितव्या स्थानावर आहे, हे प्रश्न बिनमहत्त्वाचे नाहीत. परंतु त्यांच्या गलबल्यात पुंजयामिकी ही उद्या-परवा येऊ घातलेली गोष्ट आहे असा समज रूढ होतो आणि तो साफ चुकीचा आहे. अणू, इलेक्ट्रॉन व प्रकाश यांच्या वर्तनाचे नियम सांगणारे हे शास्त्र समाजाच्या अंगवळणी पडून कित्येक दशके लोटली आहेत. ट्रान्झिस्टर आणि लेसर ही त्याची उदाहरणे आता शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्याऐवजी ‘स्पिन’ या एकाच गुणधर्माचा माग काढला, तर या शास्त्राचे समाजाशी असलेले नाते, आणि त्या नात्यातील पैशाचा हिशेबही, अधिक स्पष्ट होतो.

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांसारख्या कणांच्या अंगी उपजत असलेला एक गुण, ज्यामुळे असा प्रत्येक कण अतिसूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागतो. स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्याची उपमा त्याला सर्रास दिली जाते, पण ती फार ताणता येत नाही. कारण भोवरा कोणत्याही कोनात कलू शकतो, तर चुंबकीय क्षेत्रात या कणाचा स्पिन मोजला असता उत्तर दोनांपैकी एकच मिळते, क्षेत्राच्या दिशेने किंवा तिच्या उलट, मधले काहीही नाही. हा विचित्र प्रकार प्रथम दिसला तो फ्रँकफर्टमध्ये, फेब्रुवारी १९२२ मध्ये. ओटो श्टर्न यांनी आखलेल्या आणि वाल्टर गेर्लाख यांनी तडीस नेलेल्या प्रयोगात चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून काचेच्या पट्टीवर सोडण्यात आला, आणि चांदीचा एक सलग पसरट डाग उमटण्याऐवजी झोत दुभंगल्याची खूण उमटली. या दोन रेषांमधील अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच होते, आणि चांदीचा थर इतका विरळ होता की सुरुवातीला पट्टी कोरीच भासली. श्टर्न ओढत असलेल्या स्वस्त सिगारांच्या धुरातील गंधकाने चांदी काळी पडली आणि मग खूण उघड झाली, अशी आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे.

या प्रयोगाला पैसा कोठून आला, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत चलनवाढीने विद्यापीठांची दैना उडाली होती, तेव्हा संस्थेचे प्रमुख माक्स बोर्न यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर तिकीट लावून जाहीर व्याख्याने दिली आणि त्या मिळकतीवर, तसेच न्यूयॉर्कमधील एका बँकरने पाठवलेल्या धनादेशावर, हे काम तगले. गंमत अशी की, ज्या जुन्या सिद्धांताची परीक्षा घेण्यासाठी हा खटाटोप झाला तो सिद्धांत अपुरा होता. स्पिनची कल्पनाच मुळी १९२५ मध्ये मांडली गेली आणि त्यानंतरच फ्रँकफर्टच्या त्या दोन रेषांचा खरा अर्थ उलगडला. या कामाचा उपयोग काय, असे १९२२ मध्ये कोणी विचारले असते तर देण्यासारखे उत्तर कोणाकडेही नव्हते.

श्टर्न यांच्याकडे हॅम्बुर्ग येथे काम केलेले इसिडोर राबी अमेरिकेत परतले आणि त्यांनी १९३८ मध्ये योग्य वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडून अणुकेंद्रांचा स्पिन उलटवण्याची युक्ती साधली. आज उपग्रहांवरील अणुघड्याळे ज्या तत्त्वावर चालतात ते या युक्तीचेच एक अपत्य. डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड पर्सेल यांनी दोन सहकाऱ्यांसह हीच क्रिया उडत्या अणूंच्या झोताऐवजी घन पदार्थात, तीही मेणासारख्या मामुली वस्तूत, दाखवून दिली. स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने ती जवळपास त्याच सुमारास पाण्यात दाखवली. युद्धकाळात रडारसाठी विकसित झालेले रेडिओतंत्र पर्सेल यांच्या हाताशी होते, हे मान्य केले पाहिजे. शुद्ध कुतूहल एका बाजूला आणि गरज दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी इतिहासात सहसा सापडत नाही.

रुग्णालयातील एमआरआय यंत्र हे त्या मेणाच्या प्रयोगाचेच विस्तारित रूप आहे. मानवी शरीरात पाणी आणि चरबी मुबलक, आणि दोहोंत हायड्रोजन असल्यामुळे त्याचे केंद्र असलेले प्रोटॉनही अगणित. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट, म्हणजे १.५ टेस्ला इतक्या तीव्र क्षेत्रात रुग्णाला ठेवले असता हे प्रोटॉन दोन गटांत विभागले जातात. पण शरीराच्या उष्णतेमुळे ही विभागणी जवळजवळ समसमान राहते आणि क्षेत्राच्या दिशेने असलेल्यांचे आधिक्य दहा लाखांत पाचांच्या आसपासच भरते. संपूर्ण प्रतिमा उभी राहते ती या क्षुल्लक शिलकीवर. सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी तिचा तोल ढळवला जातो आणि तो पूर्ववत होताना बाहेर पडणारा संकेत टिपला जातो. पूर्ववत होण्यास लागणारा वेळ मेंदूच्या निरोगी पेशीजालात वेगळा, सुजेत वेगळा आणि गाठीत वेगळा असल्याने डॉक्टरांना शरीर न उघडता फरक दिसतो. कोणता संकेत शरीराच्या कोणत्या भागातून आला हे ओळखण्याची वाट पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवली. एवढे प्रबळ क्षेत्र निर्माण करणारी वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवलेली असतात, जेथे त्यांच्या तारेचा विद्युतरोध शून्य होतो. ही अतिसंवाहकतासुद्धा पुंजयामिकीखेरीज समजत नाही.

याच प्रोटॉनच्या स्पिनची दुसरी वाट आकाशाकडे जाते. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे स्पिन समांतर असले तर अणूची ऊर्जा किंचित अधिक असते, आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की ती २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरीच्या रूपाने बाहेर पडते. एकट्या अणूला यासाठी सरासरी १ कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. आकाशगंगेत हायड्रोजन अफाट असल्यामुळे मात्र ही लहर अखंड येत राहते. तिचे भाकीत नेदरलँड्समध्ये हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले आणि मार्च १९५१ मध्ये ती पकडली ती याच पर्सेल यांनी, हॅरल्ड युअन या विद्यार्थ्यासह. प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेला, आतून तांब्याचा पत्रा लावलेला लाकडी कर्णा, हा त्यांचा मुख्य सरंजाम; त्यात पावसाचे पाणी भरे आणि विद्यार्थी बर्फाचे गोळे नेम धरून मारत. अनुदान ५०० डॉलरचे होते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे, तिची आखणी गोविंद स्वरूप यांनी केली तेव्हा दूरच्या विश्वातील हायड्रोजन शोधणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. विश्वाच्या प्रसरणामुळे तेथून येणारी २१ सेंटिमीटरची लहर वाटेत ताणली जाते आणि म्हणूनच ही दुर्बीण लांब रेडिओलहरींसाठी बांधलेली आहे. पुण्यातील रुग्णालयात गुडघ्याची तपासणी करणारे यंत्र आणि खोडदच्या तबकड्या ज्या गुणधर्मावर चालतात तो एकच, ही बाब राज्याच्या विज्ञान-पाठ्यपुस्तकात ठळकपणे यायला हरकत नसावी. तशी ती येत नाही, आणि मग ‘क्वांटम उपचारा’च्या नावाखाली बिल्ले आणि पाण्याच्या बाटल्या खपवणाऱ्यांचे फावते.

राष्ट्रीय अभियानाच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे, आणि त्याची वार्ता संगणकाच्या तुलनेत क्वचितच छापून येते. स्पिनच्या साहाय्याने अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्रे मोजणे हे या शाखेचे एक मुख्य अंग आहे. अशा मापनाचा उपयोग हृदय-मेंदूच्या तपासणीपासून भूगर्भातील खनिजांच्या शोधापर्यंत होऊ शकतो. समाजाला फळ लवकर मिळण्याची शक्यता संगणकापेक्षा येथे अधिक दिसते. तथापि, आठ वर्षांच्या अभियानात ५० ते १,००० क्युबिट (क्वांटम संगणकातील माहितीची एकके) अशी उद्दिष्टे लिहिता येतात, तशी फ्रँकफर्टच्या धर्तीच्या प्रयोगासाठी लिहिता येत नाहीत. त्या प्रयोगापासून लॉटरबर यांच्या कल्पनेपर्यंत ५१ वर्षे गेली आणि तो काळ कोणत्याही सरकारी आराखड्यात बसत नाही. म्हणून अभियानाबरोबरच, उपयोगाचा रकाना कोरा ठेवण्याची मुभा असलेले छोटे अनुदान विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांना नियमितपणे मिळाले पाहिजे. आज भारतातील एमआरआय यंत्रे बहुतांशी परदेशी बनावटीची आहेत आणि ती थंड ठेवणारे हेलियमही जवळजवळ सगळे आयातच होते. पवईतील ‘समीर’ ही सरकारी संस्था १.५ टेस्लाचे देशी यंत्र घडवण्याच्या खटपटीत आहे, पण चुंबक आणि अतिसंवाहक तारा यांवर हात बसलेली माणसे अशा यंत्राला लागतात, आणि ती अशाच विभागांतून तयार होतात.