शांतता म्हणजे संमती नव्हे

तळोज्यातील आमच्या वर्गात औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची आणि आसपासच्या गावांतली मुले-मुली बसतात. त्यांना आम्ही विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवतो. एका परीक्षेत आम्ही नेहमीचाच प्रश्न घातला: 'लीला बेणारे हिच्या स्वभावातील गुणदोषांची चर्चा करा.' एका विद्यार्थिनीने उत्तराच्या शेवटी लिहिले, 'दोष बेणारेबाईंचेच का विचारले? काशीकरांचे का नाही विचारले?' परीक्षकाने त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि 'विषयांतर' असा शेरा दिला. तो परीक्षक आमच्यापैकीच एक. प्रस्तुत लेखाचे निमित्त तो शेरा आहे.

१९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातले न्यायालय खोटे आहे, पण तिथली उलटतपासणी खोटी नाही. हौशी नटमंडळी वेळ घालवण्यासाठी अभिरूप खटला मांडतात आणि बघता बघता एका अविवाहित शिक्षिकेचे सारे खाजगी आयुष्य पुरावा म्हणून चव्हाट्यावर येते. कोवळ्या वयात सख्ख्या मामाने तिचा गैरफायदा घेतला, हा तिच्यावर झालेला अन्याय. पण या न्यायालयात तो तिच्याच चारित्र्याविरुद्धचा मुद्दा ठरतो. तिचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात, न्यायासनाला ते ऐकू येत नाही. लेखकाने ज्या मानसिकतेला उघडे पाडले, त्याच मानसिकतेने आम्ही प्रश्नपत्रिका काढत आलो, हे मान्य करायला हवे.

आता नाट्यगृहाबाहेर येऊ. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान. भावाच्या तक्रारीवरून जबाब देण्यासाठी ती ठाण्यात आली होती. चळवळीने हे प्रकरण तिच्या नावाने ओळखले. कायद्याच्या ग्रंथांत मात्र ते 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आहे. पीडितेची ओळख छापू नये असा दंडक १९८३ पासून कायद्यातच आहे. तो खटला त्याआधीचा असला तरी आम्ही इथे तिचे नाव लिहीत नाही. मात्र एवढे नोंदवतो की खटल्याच्या शीर्षकात आरोपी आहे, राज्य आहे, ती मुलगी कुठेच नाही.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. ती लैंगिक संबंधांना सरावलेली आहे आणि धडधडीत खोटे बोलणारी आहे, असे तिच्याबद्दल निकालात नमूद झाले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने निमूट शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद खंडपीठाने स्पष्ट केला व एका आरोपीला पाच, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, सबब घडले ते शांततेतच घडले, असा त्या निकालाचा रोख होता.

शांततेत! मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द वाचून तेंडुलकरांचे शीर्षक आठवणार नसेल, तर आमच्या अध्यापनाचा उपयोग काय? एका न्यायालयात न्यायाधीश शांततेची आज्ञा करतो, दुसऱ्यात शांतता हीच संमतीचा पुरावा ठरते. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड एका मजूर मुलीने ओरडून कोणाला बोलवायचे होते? पोलिसांना?

हा प्रश्न १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या अनावृत पत्रातून जाहीरपणे विचारला. त्यांनी केले ते, आमच्या परिभाषेत सांगायचे तर, संहितेचे वाचनच होते. निकालातील शब्द, त्यामागची गृहीतके आणि सोयीस्करपणे गाळलेल्या जागा त्यांनी तपासल्या. १९८० मध्ये देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. फिर्यादी स्त्री 'चारित्र्यहीन' असल्याचे दाखवून तिची साक्ष पाडण्याची कायदेशीर मुभा जायला मात्र आणखी जवळपास वीस वर्षे लागली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात आले ते २०१३ साली. देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर ४१ वर्षांनी.

आणि या काळात आपल्या कोर्टरूम ड्रामाने काय केले? 'दामिनी' (१९९३) आठवताना लोकांना आठवते ती वकिलाची 'तारीख'वरची गर्जना. ज्या मोलकरणीवर अत्याचार झाला तिचे नाव किती जणांना सांगता येईल? 'पिंक' (२०१६) ने नकाराचा अर्थ लाखो लोकांपर्यंत पोहोचवला, हे श्रेय निर्विवाद. तरी तिथेही मुलींचा नकार गळी उतरवायला एका वयोवृद्ध पुरुषाचा खर्ज लागला. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली अंबिका आणि 'इन्साफ का तराजू' (१९८०) मधली नायिका शेवटी स्वतःच्याच हाताने शिक्षा करतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, सुटकेचा निःश्वास टाकतो आणि घरी जातो. एकीकडे तारणहार, दुसरीकडे सूडदेवता. या दोहोंच्या मधली, पुन:पुन्हा तीच साक्ष देणारी, विसंगतीत पकडली जाणारी, दमलेली स्त्री कोणालाच नको आहे.

यावर ठरलेला आक्षेप येईल: कला म्हणजे कायद्याचे पाठ्यपुस्तक नव्हे, नाटकाला संघर्ष लागतो. मान्य. पण 'सरावलेली' या एका विशेषणात जेवढा संघर्ष आहे तेवढा कोणत्या पल्लेदार स्वगतात आहे? आम्ही रसिकांना वकिलाच्या संवादफेकीची सवय लावली आणि निकालपत्राची भाषा 'रुक्ष' म्हणून बाजूला ठेवली. स्त्रीची किंमत ठरवणारे शब्द त्या रुक्ष भाषेतच दडलेले असतात. 'टू-फिंगर' चाचणी करणाऱ्यांना गैरवर्तनाचे दोषी मानले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही बजावावे लागले, यावरून 'सरावलेली' हा शब्द किती चिवट आहे ते कळावे.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता बदलली. संमतीची व्याख्या नव्या न्याय संहितेतही कायम राहिली. व्याख्या न्यायालयात वाचली जाते, तिच्यामागची दृष्टी मात्र घरात, नाक्यावर आणि वर्गात घडते. उद्या साक्षीदार, पोलीस, परिचारिका, वकील होणारी मुले आमच्या बाकांवर बसतात. त्यांना आम्ही बाईचे 'गुणदोष' मोजायला शिकवत असू, तर काशीकरांच्या न्यायालयाचे सभासद आम्हीच पुरवत आहोत.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांपुढे आमचे साधे म्हणणे आहे. 'शांतता!' शिकवताना १९७८ चा तो निकाल आणि १९७९ चे ते पत्र शेजारी ठेवा. बेणारेच्या स्वभावाऐवजी सुखात्म्यांच्या प्रश्नांची चिकित्सा करायला सांगा. आम्ही आमचा प्रश्न बदलला आहे: 'अभिरूप न्यायालय कोणत्या गोष्टींना पुरावा मानते आणि का?'

राहिला तो लाल शेरा. तो आम्ही मागे घेतो. विषयांतर त्या विद्यार्थिनीचे नव्हते, आमचे होते.