भुते मराठी, पडदा हिंदी

मराठी भाषेला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला आणि महाराष्ट्रात साहजिकच आनंदोत्सव झाला. त्याच वर्षी जून महिन्यात कोकणातील पिंपळावरचा एक मुंजा रुपेरी पडद्यावर अवतरला होता आणि त्याने देशभरातून शंभर कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमवला होता. सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि २०१८ मधील पहिल्या प्रदर्शनाच्या दुपटीहून अधिक कमाई करून गेला. एका चित्रपटातील भूत मराठी लोकसमजुतीतले, दुसऱ्याची बीजकथा मराठी लेखकाची, दोन्हींचे दिग्दर्शक मराठी आणि दोन्हींची भूमीही मराठी. चित्रपट मात्र दोन्ही हिंदी! अभिजात भाषेच्या वाट्याला या यशातून काय आले, हा प्रश्न त्या उत्सवी वातावरणात कोणी फारसा विचारला नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

हा योगायोग असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या दशकातील घडामोडी पाहिल्या, की त्यांत एक ठरावीक वाट दिसते. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा मराठी भयपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. उसाच्या फडात अडकलेली एक गर्भवती आणि स्त्री-अर्भकांच्या हत्येचे पाप पोटात घेऊन बसलेले घर, असा त्याचा विषय होता. चार वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तोच चित्रपट 'छोरी' या नावाने हिंदीत केला आणि तो ओटीटीमुळे देशभर पोहोचला. २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी 'झोंबिवली' हा झोंबीपट मराठीत आणला. डोंबिवलीतील टॉवर आणि झोपडपट्टी यांच्यातील दरी त्यांनी मोठ्या कल्पकतेने भयपटात गुंफली होती. मराठीत असे धाडस यापूर्वी कोणी केले नव्हते. पुढे त्याच दिग्दर्शकाला मोठे भांडवल मिळाले ते हिंदीत, 'मुंज्या'साठी. थोडक्यात, मराठीत प्रयोग करायचा आणि तो जमला, की हिंदीत जायचे, अशी ही वाट आहे. त्यात दिग्दर्शकांचा दोष नाही. ज्या घरात चूल पेटत नाही, तेथे स्वयंपाकी किती काळ थांबणार?

नागपूरकरांनी तर या विषयाकडे अधिक आपुलकीने पाहायला हवे. भारतीय विज्ञानपटांत ज्याची आवर्जून नोंद घ्यावी लागते, त्या 'कार्गो'च्या दिग्दर्शिका आरती कडव या मूळच्या नागपूरच्या. २०१९ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात दाखवल्या गेलेल्या आणि २०२० मध्ये ओटीटीवर आलेल्या या चित्रपटात 'पुष्पक ६३४-ए' नावाचे अवकाशयान आहे. मृत माणसांना पुनर्जन्मासाठी सज्ज करणारा प्रहस्त नावाचा राक्षस त्यावर नोकरी करतो. पुराणातील राक्षस आणि अवकाशयुग यांची अशी सांगड मर्यादित खर्चात घालणे हे कल्पनाशक्तीचेच काम. तो चित्रपटही अर्थात हिंदी. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितल्यानुसार, या चित्रपटाचे बीज त्यांच्या मनात पडले ते १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात, एका मित्राने सांगितलेल्या भयकथेमुळे. ती कथा होती नारायण धारप यांची. म्हणजे व्हेनिसच्या महोत्सवातील 'क्रिटिक्स वीक' या विभागाचे २०१८ मध्ये उद्घाटन करणाऱ्या चित्रपटाची पहिली ठिणगी विदर्भाच्या जंगलात पडली होती.

कथांचा तुटवडा हे कारण तर मुळीच नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांच्यावर दोन पिढ्या पोसल्या गेल्या. धारपांनी भयकथेला मराठी घराचा उंबरठा दाखवला, तर रत्नाकर मतकरींनी गूढकथेला मानसशास्त्राची खोली दिली. विज्ञानकथेचे दालनही समृद्ध आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि ते लेखक डॉ. जयंत नारळीकर असल्याचे नंतर उघड झाले. हेच नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वाङ्मयाचा गौरव सर्वांनी केला. परंतु त्यांच्या कथांवर मोठ्या पडद्यासाठी किती मराठी चित्रपट निघाले, याचा हिशेब मांडला तर मान खाली घालावी लागेल. सुजय डहाके यांच्या 'फुंतरू'सारखा (२०१६) एखादा अपवाद वगळता मराठी विज्ञानपट जवळजवळ नाहीच. भयाच्या बाबतीत आपण 'झपाटलेला'च्या (१९९३) बाहुल्यापाशी रमलो. तात्या विंचू अजरामर झाला हे खरे, पण भुताला हसण्याची सवय लागली, की त्याला घाबरण्याची ताकद हळूहळू जाते.

मग अडते कुठे? बाजारपेठ लहान आहे, हे निर्मात्यांचे ठरलेले उत्तर. हे उत्तर तपासून पाहायला हवे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख, तर मल्याळम मातृभाषा असणारे ३ कोटी ४८ लाख. तरीही 'भ्रमयुगम' (२०२४) हा कृष्णधवल भयपट मल्याळममध्ये निघतो, मम्मूटी यांच्यासारखा ज्येष्ठ नट त्यात काम करतो आणि लोक तो तिकीट काढून पाहतात. केरळच्या लोककथेतील नीली या यक्षिणीला आजच्या शहरात आणणारा 'लोका' २०२५ मध्ये आला आणि त्याने जगभरात तीनशे कोटींच्या वर कमाई केली. या दोन्ही चित्रपटांना हिंदीच्या आश्रयाला जावे लागले नाही. आपल्या निम्म्याहून कमी भाषकसंख्येत हे शक्य होत असेल, तर अडचण लोकसंख्येची नाही, असे म्हणावे लागेल.

फरक आहे तो प्रेक्षक घडवण्याचा. केरळात अडूर गोपालकृष्णन यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये 'चित्रलेखा' फिल्म सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या मागोमाग लहानसहान गावांपर्यंत चित्रपट मंडळे पसरली. १९९६ पासून तेथील आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो आणि त्याच्या रांगांत विद्यार्थी, कारकून, रिक्षाचालक एकत्र उभे असतात. अशा प्रेक्षकाला अनोळखी चित्रपटाची भीती वाटत नाही. आपल्याकडे मात्र निर्मात्याचे गणित आधीच आखडलेले असते. भयपटाला 'ए' प्रमाणपत्र मिळाले तर तो आहे तसा दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही आणि मराठी निर्मात्याची बरीचशी आशा वाहिनीच्या हक्कांवरच टांगलेली असते. दृश्यपरिणामांचा खर्च वेगळाच. 'तुंबाड' पूर्ण व्हायला सहा वर्षे लागली, पावसासाठी चार पावसाळे थांबावे लागले. एवढा काळ थांबणारे भांडवल मराठीत कोठून यावे?

येथेच भयपट, थरारपट आणि विज्ञानपटांसाठी वाहिलेल्या महोत्सवांचे महत्त्व ध्यानात येते. हे महोत्सव म्हणजे हौशी मंडळींची जत्रा, असा आपला समज आहे. वास्तविक जगभर ते या चित्रपटांची बाजारपेठ म्हणून काम करतात. स्पेनमधील सिट्जेस येथे १९६८ पासून असा महोत्सव भरतो. दक्षिण कोरियातील बुचॉन येथे तो १९९७ मध्ये सुरू झाला आणि २००८ पासून तेथे आशियाई प्रकल्पांचा बाजारही भरू लागला. दिग्दर्शक आपली पटकथा घेऊन तेथे जातो आणि निर्माता, वितरक, सहनिर्माता यांच्यासमोर बसतो. चित्रपट निघण्याआधीच त्याला गिऱ्हाईक मिळू शकते, हा या व्यवस्थेचा गाभा. 'तुंबाड'चे नाव परदेशात झाले, त्यात व्हेनिसबरोबरच सिट्जेस आणि अमेरिकेतील ऑस्टिनच्या 'फँटास्टिक फेस्ट'चा वाटा होता. आपल्याकडे सपना भवनानी यांनी २०२१ मध्ये मुंबईत 'वेंच' महोत्सव सुरू केला. पण तो मुंबईत आहे, आणि मराठी चित्रपटाचा प्रेक्षक मुंबईपुरता नाही.

या यादीतील एक नाव नागपूरकरांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. जपानच्या होक्काइदो बेटावरील युबारी हे कोळशाच्या खाणींवर उभे राहिलेले शहर. १९६० च्या सुमारास त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात होती. खाणी बंद पडत गेल्या, शेवटची १९९० मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी तेथे अद्भुत चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. क्वेंटिन टॅरँटिनो १९९३ मध्ये तेथे जाऊन आला आणि पुढे 'किल बिल'मधील एका पात्राला त्याने युबारी हे नाव दिले. मनोरंजन उद्याने आणि पर्यटन प्रकल्पांवर अवाढव्य खर्च करून ही नगरपालिका २००७ मध्ये दिवाळखोर ठरली. त्या वर्षी महोत्सवही खंडित झाला. पण नागरिकांनी तो २००८ मध्ये पुन्हा उभा केला. उद्याने बुडाली, महोत्सव तरला. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय असलेल्या आणि सभोवती कोळसा खाणींचा पट्टा असलेल्या आपल्या शहराला यातून दोन धडे घेता येतील. पहिला, असा महोत्सव राजधानीतच भरावा लागतो असे नाही. दुसरा, तो इमारतींवर जगत नाही, माणसांवर जगतो. रामटेकजवळ चित्रनगरी उभारण्याचा विषय राज्य शासनाच्या पातळीवर गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. चित्रनगरी जरूर व्हावी. परंतु तेथे चित्रित करण्यासारख्या कथा आणि त्या पाहणारा प्रेक्षक आधी घडला नाही, तर ती लग्नाच्या हंगामापुरती उरेल.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. ज्या प्रदेशात आजही करणी-भानामतीच्या संशयावरून माणसे मारली-झोडली जातात, तेथे भयपटांचा उत्सव कशासाठी? चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्धांनाही बांधून मारहाण झाली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याला एक तप उलटून गेले तरी हे वास्तव संपलेले नाही. त्यामुळे एखाद्या विधवेला किंवा एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून तिचा नाश म्हणजे सुखान्त, असे दाखवणारा चित्रपट येथे निरुपद्रवी करमणूक राहत नाही. पण चांगल्या भयपटाचा रोख निराळा असतो. 'तुंबाड'मधील खरा राक्षस लोभ आहे. 'लपाछपी'तील भय मुलगी नको असलेल्या कुटुंबाचे आहे. 'भ्रमयुगम' जातीच्या उतरंडीतील सत्तेबद्दल बोलतो. या दोन प्रकारांतला फरक ओळखण्याची दृष्टी बंदीने येत नाही. चित्रपट पाहून त्यावर उघड चर्चा केल्याने येते. फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेण्यासाठी नारळीकर आणि दाभोलकर एकत्र आले होते, हे या संदर्भात आठवावे. कल्पनेच्या भराऱ्या आणि विवेक यांचे वैर नाही, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

नागपूरला तर हे सांगण्याची गरजही पडू नये. १८८० च्या दशकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या शहरात काळी आणि पिवळी मारबत निघते. अक्राळविक्राळ पुतळे, त्यांच्यामागे बडगे, आणि शहरावरची रोगराई व पीडा सोबत घेऊन जाण्याचे साकडे! त्या बडग्यांवर महागाई असते, भ्रष्टाचार असतो, त्या वर्षीचा जो काही संताप असेल तो असतो. भयाला आकार द्यायचा, त्यात समाजाचे दुखणे भरायचे, सर्वांनी मिळून ते पाहायचे आणि शेवटी जाळायचे, ही भयपटाचीच रीत आहे. आपल्याकडे ती रस्त्यावर सुमारे दीडशे वर्षे चालत आली. पडद्यावर मात्र आली नाही.

ती यावी म्हणून फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. मारबतीच्या आठवड्यात तीन दिवसांचा महोत्सव भरवता येईल. सुरेश भट सभागृह आहे, रमण विज्ञान केंद्राचे तारांगण विज्ञानपटांसाठी साजेसे आहे. मल्याळम, कन्नड, कोरियन चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावेत, प्रत्येक खेळानंतर चर्चा ठेवावी आणि त्या चर्चेला अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनाही बोलवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक संपूर्ण दिवस मराठी पटकथांसाठी राखून ठेवावा. अमरावती, चंद्रपूर, गोंदियाच्या मुलांनी आपल्या गोष्टी निर्मात्यांसमोर मांडाव्यात. राज्य शासनाच्या अनुदान धोरणातही दृश्यपरिणामांच्या खर्चाचा स्वतंत्र विचार व्हायला हवा, कारण कौटुंबिक नाट्य आणि विज्ञानपट यांना एकाच मापाने मोजले, तर दुसरा कधीच निघणार नाही.

भाषा अभिजात ठरते ती तिच्या जुन्या ग्रंथांवरून; ती जिवंत राहते ती नव्या पिढीच्या स्वप्नांत आणि दुःस्वप्नांत. आज मराठी मुलाला पडद्यावरचे भूत भेटते ते हिंदीत, आणि परग्रहवासी भेटतो तो इंग्रजीत. नागझिऱ्याच्या जंगलात उद्याही कोणी तरी कोणाला तरी मराठीत गोष्ट सांगून घाबरवेल. त्या ऐकणाऱ्याला पुढे चित्रपट काढावासा वाटला, तर त्याने कोणती भाषा निवडावी हे ठरवण्याइतका पर्याय तरी आपण त्याच्यासमोर ठेवणार आहोत काय?