‘रेड मीटसोबत उत्तम’ ही ओळ खोडा

आपल्याकडच्या अनेक वाइन लिस्टमध्ये बारोलोच्या नावापुढे एवढंच छापलेलं असतं: ‘फुल बॉडीड, रेड मीटसोबत उत्तम’. ओळ खोटी नाही, पण तिच्या भरवशावर टेबल घेणारा सर्व्हर हमखास अडचणीत येतो. ग्राहक झणझणीत मटण मागवतो, सोबत बारोलो उघडली जाते आणि दोन घोटांनंतर ‘कडू लागतेय’ म्हणून महागडी बाटली तशीच पडून राहते. वाइन चांगलीच असते. शिफारस चुकलेली असते.

बारोलो येते वायव्य इटलीतल्या पिएमोंतेमधून, आल्बाजवळच्या लांगे टेकड्यांवरून. ठरावीक अकरा गावांच्या हद्दीत पिकलेलं नेब्बिओलो हे एकच द्राक्ष तिच्यात चालतं. नियमानुसार ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. रिझर्वा असेल तर 62 महिने. अल्कोहोल किमान 13 टक्के, प्रत्यक्षात बहुधा 14च्या आसपास. एवढं असून ग्लासातला रंग फिकट, वयानुसार विटकरीकडे झुकणारा. रंगावरून तिला हलकी समजणारे इथेच फसतात, कारण नेब्बिओलोत टॅनिन आणि आम्लता दोन्ही चढी असतात.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून कच्चं केळं चावल्यासारखं तोंड कोरडं पडतं. घासात मांसाची प्रथिनं आणि चरबी असली की टॅनिनचा बराचसा जोर त्यांच्यावर खर्च होतो. मीठही कडवटपणा दाबतं. मिरचीचं मात्र उलट आहे. अल्कोहोलमुळे तिची आग आणखी भडकते आणि पोळलेल्या जिभेला टॅनिन जास्तच खरखरीत लागतं.

पिएमोंतेचे पदार्थ या दृष्टीने तपासून पाहा. ब्राझातो आल बारोलोमध्ये गोमांसाचा मोठा तुकडा कांदा, गाजर, सेलरीसह वाइनमध्ये मुरवून मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. ताजारिन म्हणजे भरपूर पिवळा बलक घातलेला बारीक पास्ता; त्यावर लोणी आणि शरद ऋतूत आल्बाचं पांढरं ट्रफल. जोडीला कास्तेल्मान्योसारखं मुरलेलं चीज. चरबी, मीठ, मंद आच सगळीकडे. मिरची जवळपास नाहीच.

गोवंश हत्याबंदीमुळे महाराष्ट्रात ब्राझातो म्हशीच्या किंवा बोकडाच्या मांसाचा करावा लागतो. बोकडाची नळी मंद शिजवली तर जोडी छान जमते. मिरची आवरून केलेली निहारीही चालेल. शाकाहारी टेबलासाठी लोण्यातला मश्रूम रिझोत्तो सुचवा. त्यावर पार्मेजानो किसण्याआधी मात्र ग्राहकाला विचारा; त्यात वासराच्या जठरातलं रेनेट असतं.

सर्व्हिसची हयगयही तेवढीच महागात पडते. बारोलो 16 ते 18 अंशांवर द्यायची असते. मुंबईच्या उन्हाळ्यात ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे तिशी. तिथे अल्कोहोल नाकात जातो आणि सुगंध हरवतो. सेलर नसेल तर बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. तरुण बारोलो तास-दोन तास आधी डिकँट करा. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग हलक्या हाताने ओता.

आणि ग्राहकाला तांबडा रस्साच हवा असेल तर? त्याच टेकड्यांवरची बार्बेरा द’आल्बा पुढे करा. आम्लता भरपूर, टॅनिन कमी, किंमतही सहसा उतरती. बिल थोडं कमी होईल, पण बाटली संपेल आणि तो ग्राहक पुढच्या वेळी तुमचं ऐकेल.

म्हणून पुढची वाइन लिस्ट छापायला देण्याआधी शेफ आणि सर्व्हर यांना एका टेबलावर बसवा. बारोलोचा एक घोट मंद शिजवलेल्या मटणासोबत, दुसरा रश्श्यासोबत घेऊ द्या. त्या दोन घोटांतून त्यांना जे जाणवेल, तेच बारोलोच्या नावापुढे छापा.