शिक्का मालकाचा, हात कोणाचा?

जुन्या सुतारी हत्यारांचे शौकीन लाकडी रंधा हाती आला की पहिला प्रश्न विचारतात, बनवणारा कोण? पुढच्या तोंडावर ठोकलेला शिक्का भिंगाने वाचायचा, इंग्लंडातल्या एखाद्या पेढीचे नाव लागले की काम फत्ते! आमचे म्हणणे, शोध अर्ध्यावर सोडला.

त्याच तोंडावर पुष्कळदा आणखी एकदोन नावे असतात. ती सुतारांची. हत्यार पदरच्या पैशाने घ्यावे लागे, म्हणून सुतार त्यावर आपले नाव ठोकी. पुढे ज्याने ते विकत घेतले, त्याने आपले. पात्यावरचे नाव तिसऱ्याचेच, बहुधा शेफील्डच्या कारखानदाराचे. पाते झिजले की बदलत, तेव्हा पात्यावरून रंध्याचा कर्ता ठरवणे चूक. आणि हा कारखानदार तरी स्वतः कुठे सहाणेवर बसला होता? बसला तो कामगार. शेफील्डमध्ये कोरड्या सहाणेवर धार लावणारे दगडाच्या धुळीने जेमतेम पस्तिशी गाठत, असे एंगल्सने १८४५ साली लिहून ठेवले आहे. त्यांचा शिक्का कुठेच नाही.

आपल्याकडचा सुतार तर रंध्याचे लाकूड स्वतःच घडवी, बाजारातून पाते तेवढे आणी. शिक्का नाही, म्हणून शौकिनांच्या लेखी ‘कर्ता अज्ञात’.

कोणी म्हणेल, कामगाराचे नाव लिहायची रीतच नव्हती. साफ खोटे! तंजावरला जाऊन पाहा. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन हे मुख्य कारागिराचे नाव कोरले आहे. तच्चन म्हणजे सुतार. इतर देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावेही तिथे आहेत, शिंपी, न्हावी, सुतार यांना किती वाटा द्यायचा तेही आहे. राजा काही समाजवादी नव्हता, पण हजेरीपट दगडात ठेवून गेला. त्याच देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. आपले यात्रेकरू तेवढा कौतुकाने वाचतात आणि पेरुंतच्चनाला ओलांडून पुढे जातात.

तंजावरवरून जाणारी नागपट्टणम–तिरुचिरापल्ली गाडी १८६० च्या दशकारंभी सुरू झाली. पुढे साउथ इंडियन रेल्वे कंपनीने नागपट्टणमचा वर्कशॉप पोन्मलैला नेताना तीन हजारांवर कामगार घरी बसवायचे ठरवले. त्यातून १९२८ चा संप झाला, सिंगारवेलूंना तुरुंगवास घडला. कंपनीला हत्यारे हलवायची होती, हात नको होते.

टपालाच्या साथींना हे जास्त सांगायला नको. पत्रावरच्या शिक्क्यावरून हपिस ओळखते, शिक्का मारणारा नाही.

आमची मागणी साधी आहे. कोणत्याही वर्कशॉपातल्या सुतारखात्याची जुनी हत्यारे भंगारात वजनावर काढण्याआधी त्यांवर कोरलेली नावे आणि तिकीट नंबर उतरवून घ्या. प्रशासन करत नसेल तर शाखेच्या सेक्रेटरींनी परवानगी मागून स्वतः वही धरावी. निवृत्त सुतार हयात आहेत तोवर त्यांना बोलावून कोणता रंधा कोणी घडवला, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. ठेकेदाराच्या माणसांचीही नावे घ्यावीत. त्यांना तर तिकीट नंबरही मिळत नाही.