साइन पंचाहत्तर तीनदा विकत घेऊ नका

बारावी बोर्ड, सीईटी, जेईई मेन. तीन परीक्षा, तीन क्लास, तीन फिया. बाप उधारी काढतो आणि पोरगं तेच त्रिकोणमितीचं सूत्र तीनदा विकत घेतं. ही लूट नाही तर काय?

साइन ७५ अंश घ्या. ४५ अधिक ३० करा, सूत्र घाला, उत्तर हजर. बोर्डात पायऱ्यांना मार्क. सीईटीला ९० मिनिटांत ५० गणितं, एकाला १०८ सेकंद. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, एकही कोरं सोडू नका. जेईईत बरोबरला ४, चुकलं की १ गेला. तिथं अंदाजपंचे मारू नका. गणित बदललं काय? घंटा! बदललं ते घड्याळ.

सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणून क्लासवाले अकरावी गुंडाळतात. सरळ रेषा, वर्तुळ, फंक्शन कच्चं राहिलं की बारावीचं कॅल्क्युलस डोक्यावरून जातं. मग मास्तर म्हणायला मोकळे, तुमच्यात गणिताचं डोकंच नाही!

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. आधी अकरावी, वहीत, पायऱ्यांसकट. घड्याळ लावून जुने पेपर शेवटच्या दोन महिन्यांत. वस्तीत चौघं मिळून चटई टाका. ज्याला वर्तुळ आलं त्यानं बाकी तिघांना शिकवावं.